बधिर चट्टा आणि माझी बोटं

संघटनेच्या पत्रकांत मी सगळ्यात जास्त वापरलेला शब्द म्हणजे 'बधिर'. बधिर नगरपालिका, बधिर शासन, बधिर झालेला पांढरपेशा. नळाला पाणी नाही, लिही बधिर. गटार उघडं, लिही बधिर. कल्याणच्या आमच्या ऑफिसात, म्हणजे एका गोदामामागच्या खोलीत, मी लिहायला बसले की दादा ओरडायचे, "ए बाई, बधिर जरा कमी कर. लोकांना वाटेल आपण कानाचा दवाखाना काढलाय."

दादा म्हणजे आमच्या भागातलं संघटनेचं काम बघणारे. कारखान्यातून काढून टाकलेले, तोंडाने फटकळ. आणि मी डोंबिवलीची, कॉलेज अर्धवट सोडलेली, सुंदर अक्षराची मुलगी. सुंदर अक्षर हीच माझी संघटनेतली जागा. भाषण करणारे पैशाला पासरी होते. स्टेन्सिल कापणारी मी एकटी. मेणकागदावर लोखंडी टोकाने अक्षर कोरायचं आणि तो कागद सायक्लोस्टाइलच्या यंत्रावर चढवायचा. जोर कमी पडला तर अक्षर उमटत नाही. जास्त पडला तर कागद फाटतो आणि 'ठ', 'ढ', 'ध' यांची पोटं गळून पडतात. किती जोर, हे डोळ्यांना कळत नाही. बोटांना कळतं.

भिंतीही माझ्याच. मी आजारी पडले त्याच्या आधीच्या वर्षी मोहनेला, रेयॉन कारखान्याजवळच्या वस्तीत, आम्ही कुष्ठरोगाच्या तपासणीची मोहीम केलेली. गेरूने हातभर उंचीची अक्षरं मी काढलेली: 'खाजत नाही, दुखत नाही, म्हणून सोडू नका. बधिर चट्टा लगेच दाखवा.' एकदा तरी हा शब्द खऱ्या अर्थाने वापरला, म्हणून दादांनी मला वडा खिलवलेला.

मग माझ्या मानेत गाठ आली. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात सांगितलं की कॅन्सर आहे, पण यातला बरा होणारा आहे. सुया सुरू झाल्या. केस जातील हे सांगितलं. उलट्या होतील हे सांगितलं. ताप आला तर धावत या, हेही सांगितलं. हातापायांचं कोणी सांगितलं नाही. मी पत्रकं लिहिणारी बाई आहे, कोण काय बोललं ते मी विसरत नाही. कोणी सांगितलं नाही.

पहिल्यांदा मुंग्या आल्या. पायाच्या बोटांत, मग तळव्यात, मग हाताच्या टोकांना. मांडी घालून बसल्यावर येतात तशा, फक्त उठल्यावर जाईनात. डॉक्टरांना सांगितलं.

"मुंग्या ना? येतात मुंग्या."

"जातात कधी?"

"जातील. गाठ गेली की नाही?"

"गेली."

"जगलात की नाही?"

याला काय उत्तर द्यायचं? "जगलात की नाही" हा सवाल असा आहे की त्यापुढे कुठलीच मागणी टिकत नाही. आमच्या मोर्च्यासमोर येऊन कुठल्या अधिकाऱ्याने तो वापरला असता तर आम्ही त्याला तिथेच घेराव घातला असता. मी मात्र "हो" म्हणाले आणि बी-कॉम्प्लेक्सची चिठ्ठी घेऊन घरी आले. त्या गोळ्यांनी लघवी पिवळीजर्द झाली. बाकी काहीही झालं नाही.

मुंग्या गेल्या, हे खरं. त्यांच्या जागी काहीच आलं नाही. पायाखाली कायम कापसाची गादी, आणि थंड पाणी लागलं की गारवा नाही, नुसता करंट. ब्लाउजचे हुक आई लावायची. नाणी बोटांतून सुटायची. फडके रोडवर एकदा मी तरातरा चाललेली, तर मागून एक बाई ओरडल्या, "अगं ए, तुझी चप्पल तिकडे पडली!" एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी, आणि मला पत्ता नाही. आईला सांगितलं तर ती हसली. मीही हसले. चार दिवसांनी मी तव्यावरची पोळी हाताने उलटत होते आणि आई न्हाणीतून म्हणाली, "काय गं जळतंय?" पोळी जळत नव्हती. मी बोट तव्यावर टेकवून उभी होते. तेव्हा आम्ही दोघीही हसलो नाही.

केस बोटभर आल्यावर मी ऑफिसात गेले. दादांनी माझ्यापुढे मेणकागद ठेवला. पाणीपट्टीवरचं पत्रक होतं. पहिली ओळ कापली, ती उमटलीच नाही. दुसरीला दाब दिला, तर कागद उभा फाटला. तिसऱ्या कागदावर मी टोक नीट धरलंय असं मला वाटत होतं आणि दादा म्हणाले, "अगं, ते खाली पडलंय." मी रिकामी बोटं कागदावर फिरवत होते.

"होईल हळूहळू," दादा म्हणाले.

"डॉक्टरपण हेच म्हणतात."

"मग?"

"मग काय? डॉक्टर हुकपण लावत नाहीत माझे."

त्यांनी मेणकागद आवरले. ते महाग असतात, तेव्हा राग धरण्यात अर्थ नव्हता. म्हणाले, "मोहनेला बायकांची बैठक आहे. तू बोल. तोंडाला काही झालं नाही ना तुझ्या?"

म्हणून मी मोहनेला गेले. बैठक एका मावशींच्या ओट्यावर होती. मावशी तिथल्याच आगरी, जमिनी गेल्या पण आवाज शिल्लक असलेल्या. आमच्या मोहिमेत त्यांनीच घरोघर फिरून बायकांना तपासणीला ओढून आणलेलं. समोरच्या भिंतीवर माझी गेरूची अक्षरं अजून शाबूत होती. डोक्यावर रुमाल, टाचेला पट्टी, असं माझं ध्यान. टाचेत खिळा घुसलेला आणि तो मला मोज्यावरच्या रक्तामुळे कळलेला.

चहा आला. स्टीलचे पेले, वाफाळते. सगळ्या बायकांनी पदराने धरले. मी मुठीत घट्ट धरला, कारण सैल धरला की पडतो. बोलत होते पाण्याबद्दल. मावशी मात्र माझ्या मुठीकडे बघत होत्या.

"भाजत नाय गो बाय तुला?"

"नाही मावशी. बोटं बधिर झालीत."

एका बाईने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. दुसरीने माझ्या टाचेकडे पाहिलं. माझ्या शेजारची हळूच सरकली आणि तिने पोरालाही ओढून घेतलं.

"मावशी, हे ते नाही," मी म्हणाले. "हे कॅन्सरच्या औषधाने झालंय."

"मोहिमेत सगलेच सांगायचे, आमचं ते नाय," मावशी म्हणाल्या. "कुनी म्हने वात हाय, कुनी म्हने गरम परलंय. तूच बोललीस ना, कुनाचं ऐकू नका, धरून आना?" आणि त्यांनी खरोखर माझं मनगट धरलं. "चल. आज तो तपासनीस येतो दवाखान्यात."

मागून कोणीतरी म्हणालं, "कॅन्सर तरी बरा गो त्याच्यापेक्षा." यावर दोघी-तिघी हसल्या. मी पण हसले असते, पण उठता उठता पाहिलं, मी खाली ठेवलेला पेला कोणीतरी उचलून बाजूला, उंबऱ्याबाहेर, पालथा घातलेला होता. हा आजार पेल्याने पसरत नाही, असं मी याच ओट्यावर घसा फोडून सांगितलेलं. तेव्हा सगळ्यांनी माना डोलावलेल्या. भिंतीवरचं तेवढं त्यांनी लक्षात ठेवलं. भिंतीवर पेल्याबद्दल जागाच उरली नव्हती.

रागवायचं कोणावर? मावशींनी माझं वाक्य शब्दशः पाळलं होतं. असा कार्यकर्ता कुठल्याही संघटनेला मिळत नाही.

दवाखान्यातले तपासनीस मोहिमेपासून ओळखीचे. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितलं. "कापूस लावतो. लागलं की बोट दाखवा." मी मिटून बसले. बाहेर सायकलची घंटी वाजली, कोणीतरी नळावर भांडत होतं. मी वाट बघत होते कधी सुरू करतात.

"उघडा," ते म्हणाले. "झालं."

मग त्यांनी हात उजेडात धरून बघितले, कोपराची शीर चाचपली, पाठ बघितली. चट्टा नाही, शीर जाड नाही. "ताई, तुम्हाला कुष्ठरोग नाही," ते म्हणाले, आणि दारातल्या मावशींनी "देवा रे" म्हणून हात जोडले.

"मग याला औषध काय?"

"तो रोग असता तर दिलं असतं. गोळ्या फुकट आहेत. नस गेलेल्यांना जपायचं कसं, चपला कुठल्या, तेही शिकवतो. पण तुमचं हे आमच्याकडे येत नाही."

"कोणाकडे येतं?"

भला माणूस होता, खोटं बोलला नाही. "सुया दिल्या त्यांनाच विचारा," म्हणाला.

तेव्हा मला काय वाटलं ते सांगते, कोणाला पटो न पटो. मला वाटलं, तोच रोग असता तर बरं झालं असतं. त्याला गोळी आहे, तपासनीस आहे, भिंत आहे, घोषणा आहे. त्या भिंतीसाठी मी स्वतः शिडीवर चढलेले. माझ्या हातांना नाव नाही. नावच नाही तर मागणी काय करणार, आणि कोणाच्या दारात बसून? "आमच्या मागण्या" असं लिहून खाली रेघ मारायची आणि पुढे कोरं. कॅन्सरमधून उठलेल्या माणसाने बोटं मागायची नसतात. मागितली की समोरचा म्हणतो, जगलात की नाही.

ओट्यावर परत आलो. मावशींनी मोठ्याने सांगितलं, नाय हाय तिला काही. बायका पुन्हा जवळ बसल्या. पेला मात्र कोणी आत घेतला नाही, आणि मी जाईपर्यंत तो तसाच पालथा होता.

त्यानंतर ऑफिसात एक नवीन मुलगी स्टेन्सिल कापायला लागली. अक्षर बरं आहे, 'ध'चं पोट जरा बारीक काढते. मी सांगते, ती लिहिते. हेसुद्धा मी सांगतेय आणि ती लिहितेय. मघाशी तिने विचारलं, "ताई, बधिरमधला धि पहिला की दुसरा?" "पहिला," मी म्हणाले. "हात गेलेत गं, शुद्धलेखन नाही गेलं."

मोहनेची भिंत पुसायचं ठरलं तेव्हा मीही गेले. पाण्याच्या मोर्च्याची तारीख लिहायची होती. नव्या मुलीने चुन्याचा हात मारायला सुरुवात केली. 'दुखत नाही' गेलं, 'सोडू नका' गेलं. दादांनी मला गेरूचा डबा धरायला दिला, म्हणजे मला काहीतरी काम असावं म्हणून. कडी बोटांत अडकवून मी उभी होते. खालून ठाण्णकन आवाज आला. पाहिलं तर माझे पाय लालभडक, डबा गटाराकडे घरंगळत चाललेला.

"काय गो," मावशी ओट्यावरून म्हणाल्या, "कान तेवढे शाबूत हायेत तुझे."

दादांनी दुसरा डबा आणायला कोणाला तरी पाठवलं. मी पुन्हा हात पुढे केला नाही. मावशींनी पायांवर पाणी ओतलं आणि विचारलं, "गार हाय का?"

मी हो म्हणाले. करंट लागत होता.