केरू तांडेलाचे खडप

बिल्किस होडेकरला कुणी ‘जाऊ दे’ म्हटलं की ती ओढणी कमरेला बांधते. मिरकरवाड्यात तिच्या या सवयीचा फटका न बसलेला माणूस मला दाखवा. मी बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात सुपरवायझर. दिवसभर खलाशांशी भांडून माझा घसा बसलेला असतो, पण हिच्यापुढे मी आजवर एकदाही जिंकलेलो नाही.

अठ्ठ्याऐंशी साली तिचा नवरा अस्लम बाहरीनहून सुट्टीवर आला, तेव्हा कंपनीनं टाकून दिलेला छोटा कॉम्प्युटर घेऊन आला. ब्रीफकेससारखा मिटणारा, मांडीवर मावणारा. महिनाभर सगळं बंदर तो बघायला लोटलं. मग लोकांचा उत्साह ओसरला आणि बिल्किस कामाला लागली.

काम होतं शेजारच्या केरू तांडेलाचं, जन्मभर होडी हाकलेल्या म्हाताऱ्याचं. आमच्या समुद्रात पाण्याखाली खडक आहेत, त्यांना आम्ही खडप म्हणतो. जाळं त्यात अडकलं की फाटलंच. खडप दिसत नाही, तो किनाऱ्यावरच्या खुणांवरून ओळखायचा. किल्ल्यावरचं देऊळ अमुक झाडाच्या आड गेलं आणि त्याच वेळी तमुक टेकडी उघडी पडली, की समजावं, खाली खडप आहे. प्रत्येक घराच्या खुणा वेगळ्या. बाप त्या मुलाला सांगतो, त्याही होडीत बसल्यावर. केरूचा एकुलता एक मुलगा शिवा बापाशी भांडून मुंबईला गेलेला. म्हातारा ओट्यावर बसून सगळं पोटात ठेवून मरणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं आणि आम्ही सगळे गप्प होतो. बिल्किस म्हणाली, “काका, मला सांगा.”

दोन हिवाळे तो सांगत होता आणि ती टाईप करत होती. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत, कारण यंत्राला तेवढीच येत होती. केरूच्या शिव्यासुद्धा तिनं गाळल्या नाहीत. शेवटी म्हातारा म्हणाला, “जो इचारील त्येला सांग. न इचारनाऱ्याला नको.”

आषाढात केरू गेला. शिवा आला तो राहिलाच. नारळी पौर्णिमेनंतर त्यानं बापाची होडी पाण्यात घातली आणि पहिल्याच आठवड्यात जाळं फाडून घेतलं. बिल्किसकडे जाऊन विचारायला काय हरकत होती? पण छे! “बापाशीन घरची चीज परक्या बाईच्या पेटीत घातलान,” असं तो बंदरभर सांगत फिरला. आणि नेमकी तेव्हाच पेटी बंद पडली.

चूक बिल्किसचीच होती, तीही आपल्याकडच्या कुठल्याही बाईनं केली असती अशी. पावसाळ्यात दमट हवेनं यंत्र बिघडू नये म्हणून तिनं ते चुलीवरच्या फळीवर ठेवलं, सुक्या बांगड्यांच्या शेजारी. यंत्र कोरडं राहिलं, पण शेकून निघालं. उघडलं तेव्हा दिवा लागला, पडदा उजळला, आतली डिस्क मात्र फिरेना. त्या डिस्कवरच केरूचे सगळे खडप. दुसरीकडे नक्कल नव्हती, कारण अस्लमला मागितलेल्या कोऱ्या फ्लॉप्या पोचल्या श्रावणात, यंत्र शेकून झाल्यावर.

तिनं वायर बदलून पाहिली. यंत्रासोबत आलेल्या फ्लॉपीवरून ते चालू करून पाहिलं, तर चालू झालं. म्हणजे यंत्र जिवंत, डिस्क तेवढी अडकलेली. मुंबईच्या इंजिनियरला ट्रंक कॉल लावला. तो म्हणाला, नवी डिस्क घाला, जुन्यातलं गेलं समजा, जाऊ द्या.

झालं! बांधली ओढणी.

अस्लमनं फोनवर सांगितलं की त्यांच्या ऑफिसात एक यंत्र असंच आखडायचं. चालू करताना मनगटानं आडवा हिसका द्यायचा, की डिस्क सुटते. पण एकदा फिरली की बंद करायची नाही, परत फिरेल याचा भरवसा नाही. आणि आमच्याकडे वीज कधी जाईल त्याचा काय भरवसा? यंत्राची बॅटरी केव्हाच मेलेली. म्हणून एका दुपारी ती यंत्र घेऊन माझ्या कारखान्यात आली.

“आप्पा, जनरेटर लावा.”

“मालक मला हाकलील.”

“मालकाला माझ्याकडं पाठवा.”

मी जनरेटर लावला. मला मालकापेक्षा तिची भीती जास्त. तिनं यंत्र दोन्ही हातांत धरलं, बटण दाबलं आणि जात्याला पहिला वेढा द्यावा तसा हिसका दिला. काही नाही. पुन्हा दिला. तिसऱ्यांदा आतून घरघर आली. तिनं फ्लॉपी घातली. एकेक फाईल अडखळत उतरू लागली. मध्येच डिस्क कण्हायची, तशी ही तिला दम द्यायची, “थांबलीस तर बघ!”

तेवढ्यात बर्फ न्यायला आलेला शिवा लादी खांद्यावर घेऊन आमच्यापाशी आला. यंत्र बघून तो तिथंच थबकला.

“माज्या बापाशीचा हाय ता,” तो म्हणाला. “मला दे, नि पेटीतला पुसून टाक.”

“पुसायला नाही काढलं मी.” तिनं मानही वर केली नाही. शेवटची फाईल उतरली, तशी तिनं फ्लॉपीवरून ती उघडली आणि मोठ्यानं वाचायला लागली. “ह्या खडपाचं नाव शिवा. शिवा घर सोडून गेला त्या दिवशी गावला. भरतीला दिसत नाय, ओहोटीला दिसत नाय. जाळं धरलान की सोडीत नाय. ह्याला कोनी शिव्या घालू नका. वळसा घालून जा.”

शिवा दोन पावलं पुढं आला.

“सगल्यांना वाच,” तो म्हणाला. “पन ता येक काड.”

“नाय काढणार! तुझ्या बापाचं एक अक्षर काढणार नाय. बंदरात जो विचारील त्याला हे सगळं देणार, हा शिवासकट. तू ओरड, नायतर मला वाळीत टाक.”

शिवानं बर्फाची लादी खाली ठेवली. ती वितळून पाणी त्याच्या पायाशी आलं तरी तो हलला नाही. मला वाटलं, हा आता यंत्र उचलून आपटणार.

“कुटं हाय गो तो?” त्यानं विचारलं.

बिल्किसनं ओढणी सोडली, डोळे पुसले आणि त्याला खुणा वाचून दाखवल्या.