टाकीच्या तळाशी चार बोटं थर

प्रकरण तसं किरकोळ, पण निवृत्तीनंतरही ते माझा पिच्छा सोडत नाही. नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. भाईंदरच्या एका पोलीस ठाण्यात मी तपासाचं काम पाहत होतो.

एका सकाळी मुर्ध्याचा एक मासळीवाला ठाणे अंमलदारासमोर येऊन बसला. बायकोला मागे बसवून बाजाराला निघाला असताना त्याची मोटरसायकल भर रस्त्यात आचके देत बंद पडली आणि मागून टेम्पोने धडक दिली. बायकोचा हात दोन ठिकाणी मोडला. गॅरेजवाल्याने टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढलं, तर तळाशी चार बोटं वेगळाच थर. ती बाटली मासळीवाल्याने टेबलावर ठेवली.

“साहेब, कोनीतरी पानी टाकलंय. बाजूच्याचंच काम हाय, दुसरा कोन न्हाय.”

ठाण्यात येणारा माणूस बहुतेक वेळा गुन्हेगाराचं नाव घेऊनच येतो. बाजूचा म्हणजे, कुंपणाच्या भिंतीच्या वादावरून ज्यांच्याशी बोलणं बंद होतं त्या घरातला चोवीस वर्षांचा तरुण. त्यात आमच्या खबऱ्याने सांगितलं, आदल्या दिवशी तो त्या गाडीवर वाकलेला दिसला होता. टाकीच्या झाकणाचं कुलूप मोडकंच होतं. भांडण, संधी आणि साक्षीदार, सगळं आयतं हातात आलं होतं.

त्या तरुणाला बोलावलं. अग्निशमन दलात त्याची नुकतीच निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीचा कागद आमच्याच ठाण्यात होता. गुन्हा दाखल झाला तर नोकरी गेलीच म्हणायची.

“गाडी वाटेत होती सर, बाजूला केली फक्त,” एवढंच तो सांगत राहिला.

मी हात उचलला नाही, माझा तो स्वभाव नाही. पण तीन तास तेच तेच विचारलं. बाहेर बाकावर त्याची आई बसलेली त्याला दिसत होती. “एक बाटली पाणी ओतलंस ना? खरं बोल, मग बघू काय करता येतं,” मी म्हणालो. शेवटी त्याने मान खाली घातली. “हो. एक बाटली.” पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही, पण नोकरी घालवायला तेवढी पुरते.

त्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगून मी ती बाटली घेऊन नवघरच्या एका जुन्या मेकॅनिककडे गेलो. शंका होती म्हणून नव्हे, कागद पक्का करायला. त्याने वास घेतला आणि म्हणाला, “साहब, ये पूरा पानी नहीं है.”

त्याने दुसऱ्या बाटलीत पंपावरचं ताजं पेट्रोल घेतलं, त्यात दोन झाकणं पाणी टाकून हलवलं आणि बाटली ठेवून दिली. थोड्या वेळाने तळाशी थर बसला, टाकलेल्या पाण्याच्या कितीतरी पट. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी धरून ठेवतं आणि पाणी जास्त झालं की त्याच्यासकट तळाला बसतं, असं त्याने समजावलं. म्हणजे बाटलीभर पाणी आत गेलंच नव्हतं. घोटभर पुरलं होतं.

तेवढं कुठून आलं हे पाहायला मी मुर्ध्याला गेलो आणि मासळीवाल्याला रोजच्यासारखी गाडी धुवायला सांगितलं. टोपलीतलं पाणी सांडून वास येतो म्हणून तो रोज पाइप लावून गाडी धुवायचा, अगदी टाकीच्या झाकणावरही. झाकणाचं रबर चिरलेलं होतं. पाणी झाकणाभोवती साचलं आणि आमच्या डोळ्यांदेखत आत झिरपलं.

“म्हंजे मीच?” पाइप हातात धरून तो म्हणाला.

त्याची बायको हात गळ्यात बांधून दारात उभी होती. ती शेजारच्या घराकडे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी मी पडताळणीच्या कागदावर त्या तरुणासमोर सही केली आणि विचारलं, न केलेलं कबूल का केलंस?

“आई बाहेर बसली होती,” तो म्हणाला. “आणि किती पाणी ते मला कुठे माहीत होतं, सर? तुम्हीच सांगितलंत.”

मला लाज वाटली. इतकी वर्षं मी लोकांकडून उत्तरं काढली, त्यातली किती मीच त्यांच्या तोंडी घातली असतील, हे आता मोजता येणार नाही. तेव्हापासून प्रश्न विचारताना मी त्यात उत्तर ठेवत नसे. तेवढं शिकायला नोकरीचं शेवटचं वर्ष उजाडावं लागलं.

त्या दिवशी मी त्याची माफी मागितली नाही. अंगावर वर्दी होती, जीभ रेटली नाही. आज मागतोय.