वारा फिरायची वेळ

आर्डिथ व्हॉन्ड्राला कुणी हवामानवाली म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. "हवामान देव करतो, मी फक्त विचारपूस करते," असं ती ऐकवायची. आणि ते खरंही होतं. दर शुक्रवारी पहाटे साडेचारला उठून, कॉफीचा पहिला कप हातात धरून ती उत्तरेकडच्या माणसांना फोन लावायची. कॅनडाच्या हद्दीजवळचा एक पेट्रोलपंपवाला, मोंटानात मेंढ्या पाळणारी एक विधवा, तिच्या अलीकडे पन्नास मैलांवरचा एक पाद्री. प्रश्न एकच: "तुमच्याकडे वारा फिरला का, आणि किती वाजता?" मग जेवणाच्या टेबलावर नकाशा, पट्टी, पेन्सिल. तिघांच्या वेळा मांडल्या की थंड वारा ताशी किती मैलांनी खाली येतोय ते निघायचं, आणि आमच्या हॅस्केल क्रीक गावाला तो कधी पोचेल तेही निघायचं. सरकारी अंदाजात "सायंकाळनंतर वाऱ्याची दिशा बदलेल" एवढंच असायचं. त्यावर आर्डिथ म्हणायची, "सायंकाळनंतर तर मीही कूस बदलते. त्याला काय अंदाज म्हणायचं?"

सात वाजून दहा मिनिटांनी गावच्या एका खोलीच्या रेडिओ केंद्रावर तिची पाच मिनिटं असायची. आठवड्याच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यांचं हवामान, जिथं बॉल हातानं फेकतात आणि पायानंही मारतात. शुक्रवारी आसपासच्या शाळांचे सामने, शनिवारी लिंकनला विद्यापीठाचा, रविवारी डेनवरला व्यावसायिकांचा. तिचं बोलणं मोजकं असायचं. "लिंकनला ऊन आहे, टोपी न्या. डेनवरला बर्फ आहे, घरी बसा." सोळा वर्षांत तिनं एकही शुक्रवार चुकवला नव्हता. या पाच मिनिटांना पैशाचा आधार होता बी-बियाणं आणि पशुखाद्याचं दुकान चालवणाऱ्या लव्हर्न क्रूसचा. सुरुवातीला आणि शेवटी त्याच्या दुकानाचं नाव घ्यायचं, मधलं सगळं आर्डिथचं.

वाऱ्याचा नाद तिला नवऱ्यामुळे लागला. ऑरिन छोट्या विमानातून पिकांवर औषध फवारायचा, आणि वारा मोजून "आज उड" किंवा "आज नको" हे सांगायचं काम आर्डिथचं. ताशी दहा मैलांच्या वर वारा असला की औषध दुसऱ्याच्या रानात जातं. एकदा सख्ख्या दिराचं शेत राहिलं होतं, तो सारखा मागे लागला होता, आणि वारा होता बारा. आर्डिथनं वहीत दहा लिहिलं. दोनच मैलांचा फरक. पलीकडच्या म्हाताऱ्या मिसेस यानाकच्या चाळीस पेट्या मधमाश्या त्या दुपारी मेल्या. म्हातारीनं तक्रार केली नाही, भांडायला आली नाही. रविवारी चर्चमध्ये नेहमीसारखी शेजारी बसली. आर्डिथनं त्या दिवशी कानाला खडा लावला. कुणासाठी म्हणून वारा कमी-जास्त सांगायचा नाही. दीर असो, नाहीतर प्रत्यक्ष राज्यपाल असो.

आता त्या शुक्रवारचं ऐका. नोव्हेंबरचा पहिला आठवडा. आमच्या शाळेचा संघ उपांत्यपूर्व फेरीत, सामना आमच्याच मैदानावर, दुपारी चारला, समोर सँडरिज. एका बाजूला आठ पोरं, कारण अकरा आणायची कुठून? शाळेत पोरंच उरली नाहीत. पुढच्या वर्षी आमची शाळा तालुक्याच्या शाळेत विलीन व्हायची होती, म्हणजे हॅस्केल क्रीक हे नाव जर्सीवर शेवटचंच. गाव वेडं झालं होतं. न्हाव्याच्या दुकानापासून दवाखान्यापर्यंत दुसरा विषय नव्हता.

पहाटे आर्डिथनं पेन्सिल ठेवली आणि आकड्याकडे बघितलं. दिवसभर दक्षिणेचा जोराचा वारा. संध्याकाळी पावणेसहाला तो सपशेल उलटा फिरणार, उत्तरेचा होणार. म्हणजे सामन्याच्या चार भागांपैकी तिसरा संपून चौथा सुरू होताना.

हे किती मोठं होतं ते आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. प्रत्येक भागानंतर संघ बाजू बदलतात. कुठलाही शहाणा कोच वारा शेवटच्या भागासाठी राखून ठेवतो. तिसऱ्या भागात तोंडावर घेतो, म्हणजे चौथ्यात तो पाठीशी येतो. पण मधेच वारा फिरला, तर त्याच्या तोंडावर तो दोन्ही वेळा बसणार. आणि समोरच्याच्या पाठीशी दोन्ही वेळा.

आमचा कोच किप सुंडरमन दर शुक्रवारी सहाला तिला फोन करायचा. कुणीही केला तरी ती सांगायची, तशी त्यालाही सांगितलं. साडेसहाला ती रेडिओच्या दारात पोचली तेव्हा किप आणि लव्हर्न दोघं तिथं हात चोळत उभे होते.

"मिसेस व्हॉन्ड्रा," किप म्हणाला, "एक विनंती होती. ती पावणेसहाची वेळ तेवढी रेडिओवर घेऊ नका."

"का?"

"सँडरिजचा कोच तुम्हाला ऐकतो. दर शुक्रवारी. मला माहीत आहे."

"मलाही माहीत आहे. मागच्या महिन्यात त्यानं मला भोपळ्याचा केक पाठवला होता. साखर जास्त होती."

"आर्डिथ, गंमत पुरे," लव्हर्न मधे पडला. तो तिच्याच वर्गातला, तिला अगंतुगं करणारा. "खोटं बोल असं कोण म्हणतंय? 'संध्याकाळनंतर वारा बदलेल' एवढंच म्हण. सरकार म्हणतं तेच."

"मला पावणेसहा माहीत असताना?"

"माहीत असू दे ना. सगळं माहीत असलेलं सांगतेस का तू? माझं वजन सांगतेस का रेडिओवर?"

"तुझं वजन आडवं आलं तर तेही सांगेन."

किपला हसू आलं, पण त्यानं ते गिळलं. "तुम्ही याच शाळेत शिकलात ना? पुढच्या वर्षी तिचं नावही राहणार नाही. पोरं रडतायत हो. मी काय सांगू त्यांना?"

हे मात्र तिला लागलं. त्या शाळेच्या मैदानाकडेला तिनं ऑरिनशी पहिल्यांदा भांडण केलं होतं आणि मग लग्न केलं होतं. तिलाही जिंकायचं होतं, भयंकर जिंकायचं होतं. तिनं दाराची किल्ली काढली.

"किप, तुझी पोरं चांगली आहेत. वारा लपवून जिंकायला लागावं इतकी वाईट नाहीत. वारा कुणाच्या बापाचा नाही, आणि तो सांगताना मी कुणाची नाही. ना तुझी, ना त्यांची."

"मग माझ्या दुकानाचं नाव घेऊ नकोस," लव्हर्न चिडून म्हणाला. "माझ्या नावावर माझ्याच गावाला पाडायचं? हा शेवटचा शुक्रवार समज."

"आज तर घेते. पुढच्या शुक्रवारचं तू ठरव," म्हणत तिनं दार उघडलं आणि आत गेली. सात दहाला तिनं पावणेसहा ही वेळ दोनदा सांगितली. एकदा सांगून ऐकू आलं नाही असं कुणी म्हणायला नको.

सामन्याला सगळं गाव होतं. आर्डिथच्या शेजारची जागा तेवढी रिकामी राहिली. लोक "काय आर्डिथ" म्हणत आणि पुढे सरकत. ती ताठ बसून राहिली. नाणेफेक सँडरिजनं जिंकली आणि बाजू निवडायचा हक्क दुसऱ्या अर्ध्यासाठी राखून ठेवला. आमच्या लोकांनी सुस्कारे सोडले. संपलं म्हणे, आर्डिथनं घालवलं. मध्यंतराला वीस-वीस बरोबरी होती.

मग सँडरिजचा कोच टोबी आर्चुलेटा मैदानात आला. त्यानं वर झेंड्याकडे बघितलं, मग आमच्या बाकांवर आर्डिथला शोधून तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघत होता. आणि त्यानं बाजू निवडली: वारा तोंडावर. शेवटच्या भागासाठी राखून.

त्यानं विश्वास ठेवला नव्हता.

सहाला अकरा मिनिटं असताना झेंडा लोंबला, मग उलटा फडफडू लागला. चार मिनिटं उशीर, पण फिरला. सँडरिजच्या पोरांनी फेकलेला, मारलेला बॉल हवेत अडून मागेच पडायला लागला. चौतीस-सव्वीस. हॅस्केल क्रीक जिंकलं.

आणि मग जे झालं ते हरण्यापेक्षा वाईट होतं. सकाळपासून तोंड फिरवणारे लोक येऊन तिची पाठ थोपटायला लागले. "बाई, काय चकवलंस." "खरं सांगून फसवलं, मानलं तुला." लव्हर्न तर तिच्या गळ्यातच पडला. "मी सकाळी उगीच बोललो गं. तुझ्या पोटात एवढं आहे हे मला काय ठाऊक? पुढची दहा वर्षं तुझ्या पाच मिनिटांना माझ्याच दुकानाचा आधार."

"बाजूला हो," आर्डिथ म्हणाली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. पण त्याहून मोठं काहीतरी तिला दिसत होतं. उत्तरेच्या वाऱ्याबरोबर बारीक बर्फाळ पाऊस सुरू झाला होता, आणि सँडरिजची बस नदीच्या रस्त्याकडे तोंड करून गुरगुरत होती. त्या रस्त्यावर लाकडी पूल आहे. जमीन नुसती ओली झालेली असते तोवर पूल गोठूनही जातो, कारण वारा त्याला वरून खालून दोन्हीकडून धरतो.

ती मैदान तुडवत बसपाशी गेली. मागून लव्हर्न, किप आणि अर्धं गाव. आर्चुलेटा बसच्या पायरीवर उभा होता.

"अभिनंदन, मॅडम," तो कोरडेपणानं म्हणाला. "चांगला डाव टाकलात. शत्रूला कुणी वारा सांगतं का, असं म्हटलं मी पोरांना."

"ते नंतर. नदीच्या रस्त्यानं जाऊ नका. पूल गोठतोय. हमरस्त्यानं जा, वीस मैल जास्त पडतील."

आर्चुलेटानं तिच्याकडे बघितलं. मघाशी बघितलं होतं तसंच. आणि नेमका तेव्हा मागून लव्हर्न हसत ओरडला, "ऐकू नका हो कोच. ही बाई दिवसातून दोनदा फसवते."

लोक हसले. बसमध्ये पोरं होती, खिडक्यांना नाकं लावून बसलेली. आर्चुलेटानं ड्रायव्हरकडे मान वळवली आणि आर्डिथला कळलं की तो काय सांगणार.

"थांबा," ती म्हणाली, आणि मागे वळली. "किप, इकडे ये. आज सकाळी साडेसहाला तू कुठं होतास ते सांग यांना."

किपच्या खांद्यावर पोरांनी फासलेली माती होती. आयुष्यातला सगळ्यात मोठा विजय त्याला मिळून दहा मिनिटंही झाली नव्हती. "मिसेस व्हॉन्ड्रा, आत्ता कशाला ते."

"आत्ताच. माझा शब्द खोटा पडला तर पडू दे, मी म्हातारी आहे. पण तो खोटा समजून ही पोरं पुलावर गेली, तर तू कुणाच्या डोळ्यांत बघशील?"

लोकांचं हसणं थांबलं. किपनं टोपी काढली.

"आम्ही यांना रेडिओच्या दारात गाठलं होतं," तो आर्चुलेटाला म्हणाला. "मी आणि लव्हर्न. वेळ सांगू नका म्हणून विनवलं. यांनी ऐकलं नाही. दुकानाचा आधार जाईल म्हटलं तरी बधल्या नाहीत. कोच, या तुम्हाला खरं तेच सांगत होत्या."

आर्चुलेटा पावसात उभा राहिला. मग त्यानंही टोपी काढली. वर चढून ड्रायव्हरला म्हणाला, "हमरस्त्यानं घे."

बस वळली आणि डावीकडे, लांबच्या रस्त्याला लागली. लव्हर्न खाली बघत बूट घासत होता. "अगं, पण शेवटी आपण जिंकलो ना?" तो हळूच म्हणाला.

"तुम्ही जिंकलात," आर्डिथ म्हणाली. "मी आज हरता हरता वाचले."