आधी बाबांची छाती

"नाऽऽही! हात नाही लावायचा!" माझी तीन वर्षांची लेक डोंबिवलीच्या दवाखान्यात अशी ओरडली, की तिकडे टिटवाळ्याच्या गणपतीनेही आपले सुपाएवढे कान झाकले असतील. ताप, खोकला आणि धाप. ॲडमिट करायचं की घरी न्यायचं, हे तिचा श्वास मोजल्यावर ठरणार होतं. आणि रडत्या पोराचा श्वास मोजता येत नाही म्हणे. बायकोचा चेहरा पांढराफटक.

जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या सिस्टरने लेकीकडे पाहिलंच नाही. "बाबा, तुम्ही बसा. आधी तुमचं."

वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात माझ्या एका हाकेने मशिनी थांबतात. तोच मी शर्ट वर करून, डोळे मिटून, हातभर जीभ काढून बसलो. माझ्या छातीवर स्टेथोस्कोप फिरवत सिस्टर गंभीरपणे "हं, हं" करत राहिली. आईच्या मांडीवरची लेक माझी फजिती बघता बघता गप्प झाली. डोळे उघडले तर सिस्टरची नजर लेकीच्या वरखाली होणाऱ्या पोटावर आणि भिंतीवरच्या घड्याळावर.

मग लेकीनेच फ्रॉक वर केला. "आता माझं!"

श्वास ठीक निघाला. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. निघताना मी हळूच विचारलं, "सिस्टर, माझ्या छातीत काही सापडलं का हो?"

"स्टेथोस्कोप कानाला लावलाच नव्हता मी."