कॅसिनोतल्या सकाळी

अमेरिकेत काय पाहिलंत, असं विरारला परतल्यावर ज्यांनी विचारलं त्यांना मी धबधबा सांगितला. तो खोटा नव्हे. कॅसिनोत शिरल्या शिरल्या लागायचा, आतून निळे दिवे लावलेला, आणि त्याच्या पाण्याला पोहण्याच्या तलावासारखा वास यायचा. बाकीचं सांगितलं असतं तर मनवेलपाड्यातल्या आमच्या इमारतीत मला सत्यनारायणाला बोलावणं बंद झालं असतं.

नवरा गेल्यावर मुलाकडे गेले ती 'बघ, करमतंय का' या बोलीवर. करमलं तर तिथेच राहायचं आणि मनवेलपाड्याचा फ्लॅट विकायचा. गिऱ्हाईक तयार होतं. मी फक्त हो किंवा नाही म्हणायचं बाकी होतं.

मुलगा, सून, नात सकाळीच घराबाहेर पडत. घर इतकं मोठं की हाक मारली तर ती स्वयंपाकघरापर्यंत पोचेस्तोवर हाक मारायचं कारण संपून जाई. सोबत नेलेली पुस्तकं वाचून झाली. मग सुनेने शोधून काढलेल्या ज्येष्ठ नागरिकांच्या केंद्रात जाऊ लागले आणि तिथून कॅसिनोला जाणाऱ्या बसमध्ये बसले, केवळ ती कुठेतरी जात होती म्हणून.

कॅसिनो तिथल्या मूळ जमातीच्या मालकीचा, त्यांच्याच जमिनीवर उभा. पालघर जिल्ह्यातल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. आमच्याकडे आदिवासींच्या जमिनीवर रिसॉर्टं झालेली मी पाहिली आहेत, पण तिथल्या गल्ल्यावर आदिवासी बसलेला पाहिला नाही. तो बागेला पाणी घालत असतो. इथे मालक ते आणि गिऱ्हाईक आम्ही. हा व्यवहार मला एकदम पटला. भिंतीवर त्यांच्या पूर्वजांचे मोठाले फोटो होते. त्यातले एक आजोबा खालच्या गर्दीकडे असे बघत की मला दर वेळी ओढणी सारखी करावीशी वाटे.

बसमधली मंडळी जुगाराच्या यंत्रांकडे पांगत. मला यंत्राशी काय बोलावं कळेना, म्हणून मी मागच्या पोकरच्या खोलीत गेले. सिनेमात पोकर म्हणजे धूर, पिस्तुलं आणि घामेजलेली कपाळं. प्रत्यक्षात तो पत्ते टाकून देण्याचा खेळ आहे. प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात. माणूस त्यांची कड किंचित उचलून बघतो, टाकून देतो आणि बसून राहतो. मधोमध पाच पत्ते उघडत जातात ते सगळ्यांचे. त्यांच्याशी आपले दोन जुळताहेत असं वाटलं तर चिप्स, म्हणजे पैशांऐवजी मिळणाऱ्या रंगीत चकत्या, पुढे सरकवायच्या. बहुतेक वेळा जुळत नाहीत. सकाळी येणारे बरेचसे निवृत्त असल्यामुळे त्यांना याची सवय होती. एक तरुण मात्र छताखाली काळा गॉगल लावून बसे, डोळ्यांतलं कुणी वाचू नये म्हणून. वाचण्याजोगं तिथे काही असेल अशी मला शंका आली नाही.

तरी मी जात राहिले, त्याचं कारण पत्ते वाटणारी बाई. दर डावाला माझी पाळी आली की ती थांबायची. तळहात माझ्याकडे वळवून म्हणायची, "मॅडम, आता तुम्ही." आणि टेबलाभोवतीची सगळी माणसं, गॉगलवाल्यासकट, मी काय ठरवते याची वाट बघत. घरी मुलगाही माझ्या उत्तरासाठी थांबला होताच. पण या लोकांना माझ्या उत्तराने फरक पडत होता.

माझ्या डाव्या हाताला बहुधा एक म्हातारे गृहस्थ असत. जन्मभर शाळेची बस चालवलेले, बायको गेलेली, मुलीकडे राहणारे. खेळ त्यांनीच मला शिकवला, आणि तिथे माझ्याशी बोलणारे तेवढेच.

"काय यंग लेडी, आज कुणाला लुटायचं?"

"तुम्हाला. सोपे आहात."

"बायको हेच म्हणायची. पण तिने लग्नानंतर सांगितलं."

एकदा त्यांनी राजाच्या जोडीवर विसंबून समोरच्या सगळ्या चिप्स पुढे लोटल्या आणि गॉगलवाल्याने तीन सत्त्या दाखवल्या. म्हातारबुवांनी टोपी उचलली. "झालं. मुलीला शब्द दिलाय, एकदा संपलं की उठायचं." ते उठले तर पुढची सगळी सकाळ मला त्या गॉगलकडे बघत काढावी लागणार होती.

इथे मला आमच्या इमारतीतली रमी सांगायला हवी. दुपारी भांडी आवरली की आम्ही चौघी बसायचो, चिंचोक्यांवर. एखादीचे चिंचोके संपले की जिच्यापुढे ढीग असेल ती मूठभर तिच्यासमोर ओतायची. विचारायची पद्धत नव्हती. चांदीपकडचं माहेर असलेली शेजारीण तर ओतता ओतता दटावायची, "घ्या ओ, उठताव कुठं? तीन जनींत काय मजा?"

तर माझ्यापुढे त्या दिवशी चिप्स होत्या. मी मूठभर उचलल्या आणि त्यांच्यासमोर ओतल्या.

पत्ते वाटणाऱ्या बाईचा हात मांजरीच्या पंज्यासारखा चिप्सवर पडला. "मॅडम, नाही." कोट घातलेला एक अधिकारी आला. कानात वायर, चेहऱ्यावर एखाद्या राजदूताची गंभीरता. एका खेळाडूच्या चिप्स दुसऱ्याला देता येत नाहीत, हे त्याने मला इतकं सावकाश सांगितलं की जणू इंग्रजीचा शोध नुकताच लागला असावा.

"मॅडमना वाटलं इथे प्रसाद वाटतात," असल्या अर्थाचं काहीतरी गॉगलवाला पुटपुटला. दोघं-तिघं हसले. चिप्स मोजून माझ्याकडे परत आल्या.

म्हातारबुवा हसले नाहीत. ते कॉफीच्या काउंटरकडे गेले. मी खेळ सोडून मागोमाग गेले आणि माफी मागितली.

"माफी कसली? पण असं पुन्हा करू नको."

"आमच्याकडे करतात. माणूस उठून जाऊ नये म्हणून."

"माझ्याकडेही करतात. म्हणून तर मी इथे येतो." त्यांनी कॉफीत साखर ढवळली. "घरी सगळे मला जिंकू देतात. जावई चेकर्स खेळताना सोंगट्या मुद्दाम चुकीच्या घरात ठेवतो. इथे तो गाढव गॉगल लावून मला सोलून काढतो. निदान माझ्याशी खेळतो तरी."

मी वळून पाहिलं. त्यांच्या खुर्चीत एक बाई येऊन बसली होती, आपल्या चिप्सची चळत लावत.

त्या संध्याकाळी नात माझ्याशी कॅरम खेळायला बसली. राणी अगदी भोकाच्या तोंडाशी होती. तिने नेम धरला, माझ्याकडे पाहिलं आणि स्ट्रायकर भलतीकडेच मारला. "अरेरे, आजी, तुझा चान्स!" तिला चांगलं वळण लावलंय.

जेवताना मी मुलाला सांगितलं की फ्लॅट विकायचा नाही, मी परत जाते. सगळ्या मुद्द्यांची तयारी करून बसले होते. माझी पेन्शन, माझी डॉक्टर, तिथली हवा मला मानवते हे धादांत खोटंसुद्धा. तो चिडला असता, एकटी कशी राहशील म्हणाला असता, तर मी बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या मुद्द्याला हरले असते. हरायला माझी हरकत नव्हती.

त्याने पोळीचा तुकडा मोडला. "ओके, आई. तुला जे बरं वाटेल ते."

"गिऱ्हाईक जाईल हातचं."

"जाऊ दे गं. तू टेन्शन नको घेऊस."

सुनेने मला आणखी भाजी वाढली.

आता मी मनवेलपाड्यात आहे. चौघींतली एक पुण्याला मुलीकडे कायमची गेली. दुसरीला मोतीबिंदू काढल्यापासून पत्त्यांपेक्षा मोबाइल स्पष्ट दिसतो. चांदीपची शेजारीण भावजय आजारी म्हणून माहेरी आहे ती अजून आलेली नाही, फोनवर म्हणते, "येतंय, येतंय." दुपारी जिन्यात इतकी शांतता असते की वरच्या मजल्यावरच्या कुकरच्या शिट्ट्या मी मोजते, त्यांची डाळ कधी शिजली ते मला त्यांच्या आधी कळतं.

गेल्या रविवारी मुलाचा फोन आला. तेच गिऱ्हाईक पुन्हा विचारतंय म्हणाला.

"मग तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला काय वाटायचंय, आई? तू म्हणशील तसं."

"पण तुला काय वाटतं?"

"अगं, तुझं घर आहे. नो प्रेशर." मागून नातीने त्याला हाक मारली. "करतो नंतर," म्हणून त्याने फोन ठेवला.

मी फोन हातात धरून बसले. परत करेल, म्हणेल की पुरे झालं, बॅग भर, असं उगाच वाटत राहिलं. थोड्या वेळाने तो वाजला. खालचा वॉचमन होता.

"आंटी, टँकर आया है. चाबी आपके पास है ना? जल्दी आओ, वो रुकेगा नहीं."

पंपाच्या खोलीची किल्ली घेऊन मी खाली गेले.