उरलेला गाल

बाजारातल्या न्हाव्याला सगळे मामा म्हणत. फुटपाथवर एक लोखंडी खुर्ची आणि खांबाला टांगलेला आरसा, एवढंच त्यांचं दुकान; पण निवडणुकीची अर्धी हवा तिथेच तयार व्हायची. नगरसेवकही दाढीला तिथेच येई आणि साऱ्या बाजाराची गाऱ्हाणी फेसाखाली मुकाट ऐकून घेई.

त्या दिवशी पालिकेची सभा होती. नगरसेवकाचा डावा गाल गुळगुळीत झाला, उजव्यावर फेस होता, तेवढ्यात फुटपाथ मोकळे करायला पालिकेचा ट्रक आला. कामगारांनी नगरसेवकासकट खुर्ची उचलून वर ठेवली.

“अरे, मी नगरसेवक आहे!”

“परवा उचललेला तर म्हणे महापौर होता,” कामगार हसला.

“मामा, सांगा ना यांना!”

“काय सांगू भाऊ? फुटपाथ मोकळे करायच्या ठरावाला हात तुम्हीच वर केला होतात.” मामा वस्तरा घेऊन मागोमाग ट्रकवर चढले.

“निदान उरलेला गाल तरी करा!”

“खुर्ची जागेवर गेली की करतो. दुसरीकडे माझा हात चालत नाही.”

ट्रकमागून भाजीवाल्या, चांभार, चहावाली, अख्खा बाजार खिदळत पालिकेपर्यंत गेला. सभेत नगरसेवक अर्ध्या फेसानिशी उभा राहिला आणि म्हणाला, “ठराव मागे घ्या!” सभागृह हसलं, खिडक्यांतून बाजार हसला, महापौरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या हसण्याच्या भरात सगळे हात वर गेले.

दुपारी खुर्ची जागेवर आली. मामांनी वाळलेला फेस पुसून नवा लावला.

“आता मान हलवू नका,” ते म्हणाले. “आणि चहावालीच्या नळाचं काय झालं?”