पुसलेल्या फुल्या

अमेरिकेत सनीव्हेलला मुलाकडे राहत होते तेव्हाची गोष्ट. नात चित्रकथांच्या पुस्तकांचं काम मिळवायच्या मागे लागली होती. तिकडे ही पुस्तकं एकटा माणूस करत नाही. एक गोष्ट लिहितो, दुसरा पेन्सिलीने चित्रं काढतो, तिसरा त्यांवर शाई चढवतो. चित्रातल्या एका माणसाला हवेत उडवायला एवढी माणसं. नातीला तिसऱ्याचं काम हवं होतं.

"म्हणजे गिरवायचं," मी म्हटलं. "ते मी पहिलीत केलंय."

"नो आजी! इट्स इंकिंग!"

"बरं. शाईने गिरवायचं."

एका कंपनीने परीक्षा म्हणून पेन्सिलीची चार पानं पाठवली होती. काम पसंत पडलं तर ठीक, नाहीतर बापाने स्वतःच्या ऑफिसात तिच्यासाठी सॉफ्टवेअर तपासायची नोकरी ठरवून ठेवली होती, पहिल्या तारखेपासून. त्या नोकरीचं नाव काढलं की पोरीचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं व्हायचं.

तीन पानं झाली. चौथं टेबलावर होतं आणि कुरियरची गाडी पाचला येणार होती. दुपारी ती अंघोळीला गेली तेव्हा मी पान नीट पाहिलं. पानभर बारीक फुल्या! भिंतीवर, कोटावर, गाडीखाली. आमचे मास्तर चुकलेल्या गणितावर अशीच फुली मारायचे. मुलगा जेवायला घरी येणार होता. एवढ्या चुका पाहून त्याने पोरीला तिथेच नापास केलं असतं. मी रबर घेतलं आणि चित्राला धक्का न लावता सगळ्या फुल्या पुसल्या.

ती ओल्या केसांनी बाहेर आली. "आजी, एक्स कुठे गेले?"

"पुसले. तुझ्या बापाला दिसायला नकोत."

ती टेबलाशी धावली आणि पानावर बोट आपटत मला सांगू लागली. फुली म्हणजे चूक नव्हे. इथे सगळं काळं भर, असं पेन्सिलवाला त्या फुलीने शाईवाल्याला सांगतो.

"मग त्याला फोन करून विचार."

"काय सांगू? माय ग्रँडमा इरेज्ड देम?"

"माझं वयही सांग. गप्प बसेल."

"आजी, प्लीज!"

मी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले. प्रत्येक फुली माझ्या हाताने पुसलेली होती, विसरेन कशी? मी बोट ठेवत गेले, ती काळं भरत गेली. चित्रातला चोर मघापासून माझ्याकडे बघून दात काढत होता. त्याच्या तोंडावर फुली नव्हती. तरी मी म्हटलं, "ह्याचं अर्धं तोंड."

"शुअर?"

"पुसलं कोणी, मी का तू?"

भरलं तिने.

तेवढ्यात मुलगा आला. "आई, तू काय करतेयस?"

"काम. वाढून घे तुझं तू."

गाडी पाचला पान घेऊन गेली. आठवड्याने कंपनीचा फोन आला. नात बराच वेळ नुसतं "येस, येस" करत होती. फोन ठेवून माझ्याकडे वळली.

"आजी, त्या चोराच्या फेसवर एक्स नव्हता."

"नसेल."

"पेन्सिलवाला भयंकर चिडलाय. म्हणतो, हिच्याबरोबर मी काम करणार नाही."

"आणि कंपनी?"

"एडिटरला तोच फेस आवडला. मला दुसऱ्या आर्टिस्टबरोबर काम दिलंय."

"मग बापाला सांग, पहिल्या तारखेचं कॅन्सल."

तिने सांगितलं. बापाने दोन दिवस तोंड फुगवलं, मग ऑफिसात सगळ्यांना तिचं कौतुक सांगत सुटला. नवी पानं आली तेव्हा मी हौसेने खुर्ची उचलून तिच्या खोलीशी गेले. दाराला आतून कडी होती.